गाईच्या दुखण्यावरचं इंजेक्शन आणि गिधाडांचं मरण : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही गिधाडांवर दोन पानं छापली होती. त्यात एक वाक्य होतं की भारतातली गिधाडं माणसाने संपवली, पण ती संपवायची असं कुणीच ठरवलं नव्हतं. या एका वाक्यावर खूप पत्रं आणि मेसेज आले, काही रागावलेले, काही खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलेले. त्यातले पाच प्रश्न घेतलेत, नावं छापत नाही.

ताई, आमचं गाव सिन्नर तालुक्यात. घरी चार म्हशी, दोन गाई. आजोबा सांगतात की पूर्वी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की थोड्या वेळात वर घिरट्या सुरू व्हायच्या आणि संध्याकाळपर्यंत नुसती हाडं उरायची. मी २७ वर्षांचा आहे, मी आमच्याकडे एकही गिधाड बघितलेलं नाही. पण आमच्या घरात कुणी गिधाडाला दगडसुद्धा मारलेला नाही, उलट जटायू म्हणून हात जोडणारी माणसं आम्ही. मग 'माणसाने संपवली' हे आमच्या माथी का?

दादा, तुझा राग बरोबर आहे आणि ते वाक्यही बरोबर आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे म्हणून तर मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते.

१९८० च्या दशकात आपल्या देशात गिधाडं किती होती याचा अंदाज ४ कोटींपर्यंत जातो. इतकी होती की कुणाला मोजावीशीसुद्धा वाटली नाहीत. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) डॉ. विभू प्रकाश यांनी तेव्हा घरट्यांची नोंद करून ठेवली होती, आणि ९० च्या दशकात ते परत तिथे गेले तर झाडांवर माना खाली टाकून बसलेली गिधाडं, झाडाखाली मेलेली गिधाडं आणि रिकामी घरटी. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं साथ असेल, कुठला तरी व्हायरस असेल, मग कीटकनाशकांवर संशय गेला, पण पुरावा काही हाताला लागेना आणि पक्षी मरतच होते.

उत्तर सापडलं पाकिस्तानात. लिंडसे ओक्स या अमेरिकेतल्या पशुवैद्यक शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या टीमने मेलेली गिधाडं उघडून बघितली तर आतल्या अवयवांवर पांढरा थर, म्हणजे किडनी बंद पडल्यामुळे साठलेलं युरिक अॅसिड. मग त्यांनी एक साधी पण फार हुशारीची गोष्ट केली, ते गुरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधांच्या दुकानात गेले आणि विचारलं की जनावरांना नवीन काय देताय. उत्तर आलं डायक्लोफिनॅक. ज्या पक्ष्यांच्या पोटात तो पांढरा थर होता त्या प्रत्येकाच्या शरीरात हे औषध सापडलं, ज्यांच्यात थर नव्हता त्यांच्यात नाही. २००४ मध्ये हे जगासमोर आलं.

आता डायक्लोफिनॅक म्हणजे काही विष म्हणून विकलेली वस्तू नाही. तुझ्या माझ्या घरात कंबर दुखली, दात दुखला की घेतो तीच गोळी. ९० च्या दशकात ते जनावरांसाठी स्वस्तात मिळायला लागलं आणि गावोगावच्या लोकांनी ते घेतलं, का तर बैल लंगडतोय, गाईच्या सडाला सूज आलीय, म्हातारी गाय उठत नाहीये, निदान तिला दुखू तरी नये. आपल्याकडे म्हातारी गाय झाली म्हणून तिला मारत नाहीत, तिला शेवटपर्यंत सांभाळतात, आणि अगदी शेवटच्या दिवसांत इंजेक्शन दिलं जातं. जनावर बरं झालं तर काही दिवसांत औषध शरीरातून निघून जातं, पण जे बरं होत नाही ते औषध अंगात असतानाच मरतं, आणि तेच गावाबाहेर जातं, आणि तेच गिधाडं खातात. म्हणजे बघ, जनावराची माया जिथे जास्त तिथेच विष पोहोचलं. मला यातलं हेच सगळ्यात जास्त लागतं.

लोक म्हणतात एवढ्या देशात किती गाईंना इंजेक्शन दिलं असणार, त्याने ४ कोटी पक्षी कसे मरतील. शास्त्रज्ञांनी हाच हिशोब करून बघितला. शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकातसुद्धा हे औषध असायची गरज नाही, त्याहून कमी प्रमाण असलं तरी जितक्या वेगाने गिधाडं कमी झाली तितकी होऊ शकतात. कारण गिधाड एकटं जेवत नाही, एका जनावरावर डझनाने उतरतात आणि एकदम मरतात. वर्षाला जोडीचं एकच अंडं, पिल्लू स्वतः वीण घालायला लागायला चार-पाच वर्षं. भरून निघणार कसं? १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के गेली, म्हणजे हजारातलं एक उरलं. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून जवळजवळ ९७ टक्के. तुझ्या आजोबांनी जे बघितलं ते आणि तू जे बघतोयस ते, याच्यामधली ही पंधरा वर्षं आहेत.

आणि याचं बिल आलं ते माणसाकडेच आलं. गिधाडाच्या पोटातलं अॅसिड इतकं तीव्र की सडलेलं, रोगट मांस पचवून टाकतं. ते गेल्यावर मेलेली जनावरं तशीच पडून राहायला लागली, त्यावर कुत्री पोसली गेली, पाण्यात घाण गेली. एका अभ्यासाचा अंदाज असा की १९९२ ते २००६ मध्ये गिधाडं नसल्यामुळे जी कुत्री वाढली त्यांच्या चाव्यातून रेबीजने ४७ हजारांहून जास्त माणसं जास्तीची गेली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये छापलेल्या अभ्यासात, जिथे आधी गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे नव्हती ते जिल्हे शेजारी ठेवून मृत्यूचे आकडे तपासले, त्यांचा अंदाज २००० ते २००५ या काळात वर्षाला सुमारे १ लाख जास्तीचे मृत्यू. ही माणसं कोण असतील विचार कर, ज्यांना कुत्रं चावल्यावर लस वेळेत मिळत नाही ती, नाल्याचं-ओढ्याचं पाणी पिणारी ती. हाडं गोळा करून विकणाऱ्यांचं कामसुद्धा गेलं, कारण गिधाडं हाडं साफ करून देत होती.

म्हणून दादा, तुझ्या घरावर आरोप नाही. पण 'आम्ही मारलं नाही' एवढ्यावर थांबलो तर पुढचं इंजेक्शन कोणतं द्यायचं हे आपण विचारणारच नाही, आणि विचारणं हेच तर आपल्या हातात आहे.

मी पुण्यात एमएस्सी करते. माझ्या ग्रुपमधले बरेच जण म्हणतात की माणूस हाच पृथ्वीला झालेला रोग आहे, आपण नसतो तर बाकी सगळं सुखात असतं. मला हे ऐकून त्रास होतो पण उत्तर देता येत नाही. तुमचं काय म्हणणं आहे?

मला हे वाक्य अजिबात पटत नाही, आणि ते फार क्रूर आहे म्हणून नाही तर ते आळशी आहे म्हणून.

एक गोष्ट सांगते. उत्तर अटलांटिकमध्ये ग्रेट ऑक नावाचा न उडणारा मोठा पक्षी होता. पिसांसाठी, मांसासाठी, तेलासाठी मारून मारून तो अगदी थोडा उरला, आणि तो दुर्मिळ झाला हे कळल्यावर काय झालं, तर संग्रहालयांना आणि हौशी संग्राहकांना तो आपल्या कपाटात हवासा वाटायला लागला, भाव वाढला. जून १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डे नावाच्या खडकावर शेवटची माहीत असलेली जोडी गळा दाबून मारली, ती विकण्यासाठीच. म्हणजे निसर्गाचा अभ्यास करायचा, नमुना जपायचा म्हणणाऱ्या लोकांच्या मागणीनेच तो पक्षी पृथ्वीवरून गेला. स्टेलरच्या समुद्रगाईचं तर अजून वाईट, १७४१ मध्ये शास्त्राला तिची ओळख झाली आणि १७६८ पर्यंत ती संपली, २७ वर्षांत.

हे ऐकलं की तुझ्या मित्रमैत्रिणींचं म्हणणं खरं वाटतं, मान्य. पण आता गिधाडाकडे परत ये. मारणारं औषध माणसाचं, पण मेलेलं गिधाड उघडून बघणारा माणूस, दुकानदाराला प्रश्न विचारणारा माणूस, पर्यायी औषध तपासून मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं हे दाखवणारा पण माणूसच. २००६ मध्ये भारत, नेपाळ, पाकिस्तान तिघांनी जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केलं, या तीन देशांचं एरवी किती गोष्टींवर एकमत होतं सांग. हरियाणात पिंजोरला प्रजनन केंद्र उभं राहिलं, तिथे वाढलेली गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणली. वेळ लागतोय, काही प्रयत्न फसतायत, तरी चालू आहे.

आणि दुसरं, 'माणूस' असा एक गोळा नसतो. एल्डेवरच्या नमुन्यासाठी पैसे मोजणारा संग्राहक आणि सिन्नरचा आपला म्हशीवाला दादा यांना एकाच शब्दात बसवून रोग म्हणायचं म्हणजे नेमकं कुणी काय केलं हे शोधायचे कष्ट वाचवायचे. विभू प्रकाश यांनी ८० च्या दशकात 'गिधाडं काय, ढीगभर आहेत' म्हणून घरटी मोजली नसती तर नंतर कमी झाली हे आकड्यांत दाखवता आलं नसतं. तू एमएस्सी करतेयस, तर मोज. जे आज भरपूर दिसतंय तेच मोज, चिमण्या, कावळे, बेडूक, काहीही.

सोलापूरहून लिहितोय, निवृत्त शिक्षक आहे. आमच्या नान्नजला माळढोक होता म्हणून शाळेच्या सहली न्यायचो. आता ऐकतो की राजस्थानात सोलर आणि पवनचक्क्यांच्या तारांना धडकून माळढोक मरतात. पर्यावरण वाचवायला वीज आणि त्या विजेनेच पक्षी मरतो, हे काय चाललंय?

गुरुजी, तुम्ही जे ऐकलं ते खरं आहे. माळढोक जड पक्षी, नर १५ किलोपर्यंत भरतो, डोळे बाजूला असल्यामुळे समोरचं नीट दिसत नाही, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. देशात आता दीडशेच्या आसपास उरलेत असा अंदाज आहे, त्यातले बहुतेक जैसलमेरच्या बाजूला, आणि नेमकं तेच ऊन आणि वारा भरपूर असलेलं उघडं माळरान सौरऊर्जेला पण हवंय. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्या असं सांगितलं, मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण सरकारचं म्हणणं पडलं की हवामान बदल रोखायला हीच वीज लागणार आहे. दोन्ही बाजू पर्यावरणाचंच नाव घेतात.

पण मला विचाराल तर याची मुळं आपल्या सोलापुरात पण आहेत. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर केलं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. गावंच्या गावं, चालू शेती, सगळं त्यात. कागदावर एवढी जमीन राखीव झाली, मग जमिनीचा व्यवहार करायचा तर परवानगी, बांधकाम करायचं तर परवानगी. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत तो पक्षी दोन पिढ्या निवांत फिरला होता त्यालाच तो पक्षी म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर बसलेली आपत्ती वाटायला लागला. पुढे क्षेत्र बरंच कमी केलं पण मन कलुषित झालं ते झालंच. आणि माळरान म्हणजे पडीक जमीन ही आपली समजूत, कुठे उघडं गवत दिसलं की तिथे झाडं लावा. झाड लावणं म्हणजे पुण्य असं आपण मुलांना शाळेत शिकवतो, तुम्हीही शिकवलं असेल आणि चुकीच्या भावनेने नाही, पण माळढोकाला, तणमोराला, काळविटाला उघडं गवतच लागतं. माळावर झाडी उभी केली की ते त्यांचं घर राहत नाही. जंगल तोडलं की पेपरात येतं, माळरान झाडं लावून संपवलं तर त्याचा सत्कार होतो.

जैसलमेर भागात सम आणि रामदेवरा इथे माळढोकांचं प्रजनन चालू आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू पण जन्मलं. चांगलंच आहे. पण ही पिल्लं सोडायची कुठे, त्यासाठी उघडा माळ शिल्लक हवा आणि त्या माळावर गुरं-मेंढ्या चारणारी माणसं त्याच्या बाजूने हवीत. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी सरपंच, ग्रामसेवक, वनरक्षक झालं असेल तर वृक्षारोपणाची जागा ठरवताना माळ सोडून बांध, रस्त्याची कड, गावठाण धरा एवढं त्यांना सांगा. तुमचं ऐकतील.

मुंबईत आमच्या बिल्डिंगमध्ये पारशी कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या एक आजी म्हणाल्या की गिधाडं गेली आणि आमचे विधीच अर्धे राहिले. मला पुढे काय विचारावं कळलं नाही.

मलबार हिलवर डुंगरवाडी आहे, तिथे मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करायची त्यांची परंपरा, आग आणि माती दोन्ही अपवित्र करायची नाही म्हणून. गिधाडं गेली तेव्हा सूर्याची उष्णता एकवटणारे सोलर कॉन्सन्ट्रेटर बसवले, पावसाळ्यात मुंबईत ऊन कुठलं, मग समाजात मतभेद झाले, काही जण दहनाकडे वळले. गाई पाळणं न पाळणं याच्याशी त्या आजींचा काही संबंध नाही, तरी त्या इंजेक्शनने त्यांच्या अंत्यविधीला हात घातला. तुम्ही त्यांच्याशी परत बोला. त्यांना आठवत असेल मलबार हिलवरचं गिधाडांनी भरलेलं आभाळ, ते ऐकून लिहून ठेवा, कारण ते बघितलेली माणसं पण आता म्हातारी झालीत.

आमचा रायगड जिल्हा, म्हसळ्याकडची बाजू. आमच्या इथे अजून थोडी गिधाडं आहेत. जनावर आजारी पडलं तर नेमकं काय करायचं, मेलं तर काय करायचं? सरळ सांगा, गावात वाचून दाखवणार आहे.

तुमच्या भागात चिरगावकडे गावकऱ्यांनी आपली झाडं राखून गिधाडं टिकवली, त्यामुळे हे उत्तर मी मनापासून लिहितेय.

गुरांच्या डॉक्टरांना सूज-ताप-दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम मागा. टोल्फेनॅमिक अॅसिड पण चालतं. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरायचे म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनसुद्धा ३ मिलीच्या एका डोसपुरतंच ठेवलं. २०२३ मध्ये अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन जनावरांसाठी बंद झालं, त्यातलं अॅसिक्लोफिनॅक तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनतं. त्यानंतर निमेसुलाइडवरही बंदी आली. दुकानात जुना माल असतो, ओळखीने मिळतो, 'हेच लवकर लागू पडतं' असं सांगतात, तर बाटलीवरचं नाव स्वतः वाचा किंवा शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या, आणि बिल मागा.

जनावर मेलं आणि शेवटच्या पंधरवड्यात त्याला काय दिलं हे नक्की माहीत नसेल तर ते उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. ज्याला असं काहीच दिलेलं नाही ते गिधाडांसाठी ठेवायला हरकत नाही, पण वन विभागाशी बोलून, ठरलेल्या जागी, विजेच्या तारांपासून आणि रेल्वेरुळापासून लांब.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गावात वाचताना हे जरा मोठ्याने वाचा. बिबट्याने वासरू मारलं किंवा कुत्री फार झाली म्हणून मेलेल्या जनावरावर कीटकनाशक टाकायचं नाही. गिधाडं गेल्यामुळे कुत्री वाढली, कुत्री वाढली म्हणून लोक मढ्यावर विष घालतात, आणि ते खायला उरलेली गिधाडं येतात. आसाममध्ये कामरूप जिल्ह्यात मार्च २०२२ मध्ये एका ठिकाणी असंच विष घातलेलं मांस खाऊन जवळजवळ शंभर गिधाडं मेली. कुत्र्यांसाठी नसबंदी आणि लसीकरणाची मागणी पंचायतीकडून करा, बिबट्याने मारलेल्या जनावराची भरपाई वन विभागाकडून मिळते, पंचनाम्यासाठी लगेच कळवा.

ज्या झाडावर घरटं असेल ते झाड पिल्लू उडेपर्यंत, म्हणजे साधारण एप्रिल-मेपर्यंत, तोडू नका, त्याच्या फांद्या छाटू नका, खाली धूर करू नका. मान टाकून बसलेलं किंवा खाली पडलेलं गिधाड दिसलं तर त्याला पाणी पाजायला जाऊ नका, कुत्र्यांना लांब ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. जवळपास मेलेलं जनावर असेल तर तेही दाखवा, त्याला कुठलं औषध दिलं होतं हे मालकाने न घाबरता सांगितलं पाहिजे, कारण त्यावरूनच पुढच्या गावाला वेळेत कळवता येतं.